पान कोणाचं, पैसा कोणाचा?

(शहाड येथील बैठकीतील भाषण)



विदर्भातून मुंबईला जाणाऱ्या गाड्या या शहाडवरूनच जातात. इथल्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्याचं सूत निघतं, त्याला आपला कापूस लागत नाही. वर्तमानपत्राचा कागदही बहुतेक लगद्याचाच. त्या कागदावर हुकूम कोणाचा, यावरून या देशात मोठी भांडणं झाली.

वर्तमानपत्राची पानं किती आणि किंमत किती हे ठरवणारा सरकारी कायदा पुण्याच्या 'सकाळ'ने १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हाणून पाडला. तो निकाल आम्हाला आजही योग्य वाटतो. सरकार भाव बांधतं तेव्हा काय होतं, हे एकाधिकार कापूस खरेदीने आपल्याला पुरतं शिकवलं आहे.

पुढे १९६९ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' आणि 'महाराष्ट्र टाइम्स' काढणाऱ्या कंपनीवर कोर्टाच्या आदेशाने सरकारचे प्रतिनिधी असलेलं संचालक मंडळ बसलं. १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, कंपनी पुन्हा मालक कुटुंबाकडे गेली. सरकारचं जू उतरलं. पण सुटलेला बैल चरायला कोणाच्या वावरात गेला, ते बघा. मोठ्या दैनिकाचा खर्च वाचकाच्या रुपयावर चालत नाही, जाहिरातीवर चालतो. २००३ मध्ये याच कंपनीने पुरवण्यांतली मजकुराची जागा पैसे घेऊन देण्याचा रीतसर धंदा सुरू केला.

आता आपल्या घरची गोष्ट. २००८ मध्ये 'टाइम्स'च्या नागपूर आवृत्तीत पानभर मजकूर आला: यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगावात बीटी कापसाने सोनं पिकवलं, तिथे आत्महत्या नाहीत. ऑगस्ट २०११ मध्ये तोच मजकूर पुन्हा छापून आला. या वेळी तो पैसे देऊन छापलेला होता, आणि तशी खूण बारीक अक्षरात होती. मार्च २०१२ मध्ये संसदेची समिती भांबराजाला गेली, तेव्हा गावकऱ्यांनी गावात १४ आत्महत्या झाल्याचं सांगितलं. पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'त हे सगळं उघड केलं. म्हणजे एका खाजगी पेपरचं बिंग दुसऱ्या खाजगी पेपरनेच फोडलं. हेही विसरू नका.

बीटी चांगली की वाईट, तो वाद वेगळा. त्याचा निकाल आपलं शेत देईल. पण आपल्या गावाचं नाव घालून छापलेल्या पानाचे पैसे कोणी भरले, हे आपल्याला ठळक अक्षरात कळलं पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या भागातल्या पेपरची शेतीपानं घेऊन या. कोपऱ्यातली बारीक अक्षरं सगळे मिळून वाचू.