पिशवीच्या तोंडाची तपासणी आपल्या उपकेंद्रात पाहिजे
(महिला मेळाव्यात संघटनेच्या बायांच्या गटातर्फे झालेले भाषण)



पुरुषांनी उठून जाऊ नये. मागच्या वेळी पाळीचा विषय निघाला आणि अर्धा मांडव बिडी ओढायला बाहेर गेला. आज बसा.

आमच्या गटातली एक बाई दोन पावसाळ्यांमागे गेली. नाव घेत नाही, तिची पोरं इथेच बसली आहेत. वनहक्काच्या पट्ट्यावर नवऱ्याबरोबर तिचंही नाव लागलं होतं. मोजणीच्या दिवशी हद्दीवर तीच उभी होती. पाळी बंद होऊन वर्षं झाली तरी रक्त जायचं, वास येणारं पाणी जायचं. वीटभट्टीवर कुणाला सांगणार? आधी भगताकडे गेली, मग बाजारगावातल्या एका खाजगी दवाखान्यात. तिथे आतून कुणी तपासलंच नाही, सलाईन लावलं आणि गोळ्या दिल्या. मुंबईला नेलं तोवर उशीर झाला होता. बैलजोडी विकली, कर्ज झालं, आणि बाईही गेली.

हा आजार एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू संबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातो. काहींच्यात राहतो, आणि दहा, पंधरा, वीस वर्षांनी पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो. लग्न झालेल्या कुठल्याही बाईला तो होऊ शकतो, म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नका. एवढी वर्षं हातात असतात. त्या काळात तपासलं तर कॅन्सर व्हायच्या आधीच थांबवता येतो.

तपासणी साधी आहे. बाई आडवी होते, नर्सबाई पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं व्हिनेगरसारखं औषध कापसाने लावते आणि एक मिनिट थांबते. पांढरा डाग उठला तर पुढे तपासायचं. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, घाबरायचं नाही. बऱ्याच डागांवर गार किंवा गरम उपकरणाने थोड्या मिनिटांत उपचार होतो, पिशवी काढावी लागत नाही.

हे आपल्याच राज्यात करून पाहिलं आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दहावी शिकलेल्या बायांना शिकवून ही तपासणी दर दोन वर्षांनी केली. त्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांत १९९९ पासून वेगवेगळ्या तपासण्या करून पाहिल्या. एचपीव्हीची तपासणी फक्त एकदाच ठेवली, त्या गावांतल्या सुमारे ३४ हजार बायांत ३४ मेल्या. जिथे तपासणी ठेवलीच नाही तिथल्या सुमारे ३१ हजारांत ६४. व्हिनेगरच्या तपासणीचा तिथे तेवढा फरक दिसला नाही, म्हणजे बघणारा डोळा नीट शिकलेला पाहिजे. आणि त्या ६४ जणींचं काय? तुलनेसाठी त्यांना तपासणीशिवाय ठेवलं होतं. हे आम्हाला आजही टोचतं.

२०१६ पासून सरकारचंच धोरण आहे : ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी तपासणी, तीही उपकेंद्रात नाहीतर पीएचसीत. सोबत तोंडाची आणि स्तनांचीही. कागद चांगला आहे. पण २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांत दोघींचीसुद्धा तपासणी झालेली निघाली नाही. वनहक्काचा कायदाही २००६ चाच ना, आणि दावे अजून धूळ खात पडले आहेत!

तपासणी नसली की भीती विकली जाते. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून जास्त बायांची २०१९ मध्ये पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायांच्या पिशव्या काढलेल्या होत्या. “कॅन्सर होईल” एवढं म्हटलं की बाई टेबलावर झोपते. आपल्याही बाया भट्टीवर जातात, मुकादमाची उचल घेतात. हे आपल्यापासून लांब नाही.

संमतीचंही बोलू. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात याच विषाणूची लस प्रकल्प म्हणून मुलींना दिली. त्यात वसतिगृहांतल्या आदिवासी पोरी होत्या, आणि कितीतरी फॉर्मवर आईबापांच्या ऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुली मेल्या. लसीमुळे नाही, असं चौकशीत म्हटलं. लस वाईट असं आम्ही म्हणत नाही, पण विचारल्याशिवाय अंगाला हात लावू देणार नाही. जमिनीचा ठराव ग्रामसभा करते. अंगाचा ठराव ग्रामसभा करत नाही, नवराही करत नाही. तिथे बाईनेच हो म्हणायला पाहिजे, आणि नको म्हटलं तर तिचं रेशन-बिशन अडवायचं नाही.

तर पुढच्या ग्रामसभेत हे मागायचं : शिकलेली नर्सबाई उपकेंद्रात ठरलेल्या दिवशी पाहिजे, आणि तो दिवस भट्टीला जायच्या आधी, भातकापणी आटोपल्यावर. आडोसा पाहिजे, दाराला कडी पाहिजे. डाग निघाला तर मोठ्या दवाखान्यात कोण नेणार, गाडी कुणाची, हे आधी लिहून द्यावं. डाग दाखवून परत पाठवायचं असेल तर ती तपासणी नकोच. आणि दाव्याची पोच मागतो तसं तपासणीचं कार्ड हातात मागायचं, भट्टीवर नेता येईल असं.

आशाताईंबरोबर बसून आम्ही पाड्यापाड्याची यादी करतो आहोत. तिशीच्या पुढच्या बायांनी आज जेवणाआधी नावं सांगा. पहिली पाच नावं आम्ही आमचीच लिहिली आहेत.