दूरच्या प्रयोगशाळा, एक आराखडा



बहुराष्ट्रीय कंपनीच्या प्रयोगशाळा अनेक देशांत विखुरलेल्या असतात. त्यांचे कार्य एका सूत्रात कसे गुंफावे, हा वरवर पाहता व्यवस्थापनाचा प्रश्न वाटतो. परंतु मुळात कोणी काय ठरवावे, असा तो अधिकाराचा प्रश्न आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९६० च्या सुमारास या कंपनीचे निरनिराळे संगणक परस्परांशी जुळत नसत. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. ग्राहकाने मोठे यंत्र घेतले की ती पुन्हा लिहावी लागे. डिसेंबर १९६१ मध्ये कंपनीच्या एका समितीने सर्व लहानमोठ्या यंत्रांसाठी एकच आराखडा सुचविला. त्यातूनच ७ एप्रिल १९६४ रोजी ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर झाली.

तिच्यातील मॉडेल ३० न्यूयॉर्क राज्यातील एंडिकॉट येथे सिद्ध झाले, तर मॉडेल ४० इंग्लंडमधील हर्स्ली येथे. यंत्राने कोणत्या आज्ञा पाळाव्यात व त्यांचा परिणाम काय व्हावा, हे सर्वांवर बंधनकारक होते. त्या आज्ञा अंतर्भागात कशा पार पाडाव्यात, हे मात्र ज्या त्या प्रयोगशाळेने ठरवावयाचे होते. बंधन नेमके असल्यामुळेच हे स्वातंत्र्य खरे ठरले.

या एकसूत्रतेची किंमतही द्यावी लागली. हर्स्लीचा स्वतःचा ‘स्कॅम्प’ हा संगणक १९६१ मध्ये रद्द करण्यात आला. यंत्राचे नियंत्रण साठविलेल्या सूक्ष्म आज्ञांद्वारे करण्याची कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मांडली होती. स्कॅम्पवर काम करताना तेथील अभियंत्यांनी ती आत्मसात केली होती. तेच कौशल्य मॉडेल ४० च्या कामी आले आणि मालिकेतील बहुतेक यंत्रांनी या तंत्राचा अवलंब केला. यंत्र मोडीत निघाले, तरी ते घडविणारी माणसे टिकली होती.

संशोधनाला मात्र हा न्याय जसाच्या तसा लागू पडत नाही. विकासाचे उद्दिष्ट आधी ठाऊक असते, संशोधनाचे नसते. याच कंपनीच्या झुरिचजवळील प्रयोगशाळेत बिनिग व रोहरर यांनी पृष्ठभागावरील अणू दाखविणारा सूक्ष्मदर्शक घडविला आणि त्याबद्दल १९८६ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. तेथेच बेडनोर्त्स व म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत अतिसंवाहकतेचा शोध लागला. १९८७ चे पारितोषिक त्यांना लाभले. असे शोध वेळापत्रकात आखून देता येत नाहीत.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूर येथे आपले केंद्र उघडले. त्यानंतर भारतात अशी केंद्रे वाढत गेली. तेथे किती अभियंते राबतात, यावरून त्यांची योग्यता ठरणार नाही. आराखडा ठरतो त्या बैठकीत त्यांच्या मताला किती वजन आहे, हेच पाहावे लागेल.