रोझलिन यॅलो आणि इन्सुलिनाचें मोजमाप

मधुमेह हा शब्द आपल्या घरांत आतां नवा राहिलेला नाहीं. दिवाळींत फराळाचें ताट पुढें आलें कीं वडील मंडळींपैकीं कोणीतरी करंजीकडे पाहून हात मागें घेतो, आणि त्याचें कारण घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असतें. रक्ततपासणीचा कागद आपण डॉक्टरांच्या हातीं देतों. परंतु रक्तांतील सूक्ष्म अंतःस्राव मोजण्याची विद्या कोणीं शोधिली, हें सहसा विचारीत नाहीं. आज त्या बाईंची हकीकत सांगणार आहें.

रोझलिन यॅलो यांचा जन्म १९२१ सालीं न्यूयॉर्क शहरांत एका सामान्य घरीं झाला. आईबापांना हायस्कुलाचें शिक्षणही लाभलेलें नव्हतें. मुलगी हुशार निघाली, तेव्हां तिनें प्राथमिक शाळेंत शिक्षिका व्हावें असें घरच्यांस वाटे. मी स्वतः जन्मभर शाळामास्तर. मला या इच्छेंत कांहीं वावगें दिसत नाहीं. पण तिचें मन पदार्थविज्ञानांत गुंतलें होतें. स्त्रियांना त्या शास्त्राचीं दारें सहज उघडत नसत, म्हणून लघुलेखन शिकून एका शास्त्रज्ञाची सेक्रेटरी होण्याचीही तिनें तयारी ठेविली. इतक्यांत १९४१ सालीं इलिनॉय विद्यापीठानें तिला घेतलें. तेथील इंजिनिअरिंग शाखेच्या सुमारें ४०० अध्यापकांत ती एकटीच स्त्री होती. १९४५ सालीं तिनें डॉक्टरेट मिळविली.

१९४७ सालीं बाई ब्राँक्स भागांतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत काम करूं लागल्या. प्रयोगशाळेसाठीं झाडलोटीचें सामान ठेवण्याची एक खोली मिळाली! १९५० सालीं डॉक्टर सॉलोमन बर्सन त्यांना येऊन मिळाले. एकाचें वैद्यक आणि दुसरीचें पदार्थविज्ञान, अशी ही जोडी जमली.

प्रौढ वयांत जडणाऱ्या मधुमेहांत इन्सुलीन शरीरांत फार लौकर नष्ट होत असावें, असें एक मत त्या वेळीं होतें. तें पडताळण्यासाठीं या दोघांनीं इन्सुलिनास किरणोत्सर्गी आयोडिनाची खूण जोडली आणि तें टोंचल्यावर रक्तांत किती वेळ राहतें तें पाहिलें. उत्तर उलटें आलें. ज्यांनीं पूर्वीं इन्सुलीन घेतलें होतें, त्यांच्या रक्तांत तें अधिकच काळ रेंगाळलें. तें औषध गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेलें असे. शरीरानें त्यास परकें ओळखून प्रतिपिंडें निर्माण केलीं होतीं, आणि तीं त्यास धरून ठेवीत होतीं.

इतक्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडें होतच नाहींत, ही तज्ज्ञांची दृढ समजूत होती. १९५५ सालीं त्यांचा निबंध नाकारला गेला. पुढें मथळ्यांतील 'प्रतिपिंड' हा शब्द काढल्यावर तो १९५६ सालीं छापून आला. नकाराचें तें पत्र बाईंनीं जपून ठेविलें.

श्रोतेहो, हें वाचलें तेव्हां मला माझीच एक चूक आठवली. एका मुलाचें गणिताचें उत्तर बरोबर होतें. पण रीत पुस्तकांतील नव्हती, म्हणून मीं तांबडी रेघ ओढली. मुलगा कांहीं बोलला नाहीं. मीं त्याचें गणित तपासलेंच नव्हतें, केवळ पुस्तकाशीं ताडून पाहिलें होतें.

या नाकारलेल्या शोधांतूनच मोजमापाची नवी युक्ति निघाली. समजा, वर्गांत दहाच जागांचा एक बांक आहे. लाल टोपीचे दहा मुलगे आणि बिनटोपीचे कांहीं मुलगे एकदम आंत सोडले. बांकावर लाल टोप्या जितक्या कमी, तितके बिनटोपीचे मुलगे अधिक आले, हें उघड आहे. बांक म्हणजे प्रतिपिंडें, लाल टोपी म्हणजे किरणोत्सर्गी खूण, आणि बिनटोपीचे मुलगे म्हणजे रुग्णाच्या रक्तांतील इन्सुलीन. या रीतीनें ग्रॅमच्या अब्जांशाहूनही कमी इन्सुलीन मोजतां येऊं लागलें. १९६० सालच्या सुमारास कळून आलें कीं, प्रौढपणींच्या मधुमेहांत इन्सुलीन पुष्कळदां भरपूर असतें. शरीर त्यास दाद देत नाहीं.

पुढें याच युक्तीनें इतर अंतःस्राव मोजले गेले, रक्तपेढींतील रक्तांत काविळीचे विषाणू शोधले गेले. आज बहुतेक ठिकाणीं किरणोत्सर्गी खुणेच्या जागीं दुसऱ्या खुणा आल्या आहेत. बांक मात्र तोच आहे. या शोधाचें पेटंट दोघांनींही घेतलें नाहीं.

१९७२ सालीं बर्सन वारले. १९७७ सालीं बाईंना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. मृतास तें देत नाहींत. बाईंनीं आपल्या प्रयोगशाळेस बर्सन यांचें नांव दिलें होतें, म्हणजे त्यांच्या प्रत्येक निबंधावर तें नांव येत राही. २०११ सालीं बाई निवर्तल्या.

मोठ्यांचें मत असो वा पुस्तकांतील रीत असो, ती खरी कीं खोटी हें मोजून पाहावें, आणि जें येईल तें मान्य करावें, एवढेंच या चरित्रांतून मी शिकलों. त्या मुलाची वही पुन्हां हातीं येती, तर ती तांबडी रेघ मीं स्वतः खोडली असती.