उत्तरवयांतील रंगपेटी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या ज्येष्ठांच्या सभेंत केलेलें भाषण)



निवृत्तीचा काळ कसा घालवावा, या विषयावर चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आज्ञा शिरसावंद्य, परंतु "घालवावा" या शब्दाशीं आमचें भांडण आहे. काळ घालवावयाचा तो आगगाडी चुकल्यावर फलाटावर. साठाव्या वर्षीं निवृत्त झालेल्या माणसापुढें ईश्वरकृपेनें पंधरा-वीस वर्षें असूं शकतात. येवढा लांब फलाट कोणाच्याही नशिबीं नसावा. म्हणून विषय थोडा बदलून घेतों, आणि या वयांत चित्रकलेच्या नादीं लागून आमच्या हातून जें घडलें तेंच आपणांपुढें ठेवितों. आम्ही चित्रकार नव्हों. हें आरंभींच सांगितलेलें बरें, कारण आमचीं चित्रें पाहिल्यावर तें आपणांस कळणारच आहे.

आम्हीं ३६ वर्षें एका कचेरींत हिशेबाच्या वह्या लिहिल्या. शेवटच्या दिवशीं हार, नारळ आणि भिंतीवरचें एक घड्याळ मिळालें. ज्याला उद्यांपासून कोठेंच वेळेवर पोहोंचावयाचें नाहीं त्याला घड्याळ कां देतात, हें कोडें आम्हांस अजून उलगडलेलें नाहीं. पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले. मग आम्ही घरच्या कारभारांत लक्ष घालूं लागलों. कालवणांत चिंच किती असावी, नळ कोणीं उघडा ठेविला, दिवसा दिवा कां जळतो, अशा ज्या चौकश्या पूर्वीं कारकुनांच्या होत त्या आतां घरच्यांच्या सुरू झाल्या. सून मर्यादशील, तिनें शब्दानेंही दुखविलें नाहीं. परंतु आम्ही स्वयंपाकघराच्या दारांत उभे राहिलों कीं आंत भांड्यांचा आवाज वाढतो, हें हळूहळू ध्यानांत येऊं लागलें. त्या आवाजाचा अर्थ कळावयास आम्हांस सहा महिने लागले. या घरांत आपणांस कोणी नको म्हणत नाहीं, परंतु आपली वाटही कोणी पाहत नाहीं, असा तो अर्थ होता.

याच सुमारास आमच्या हातीं एक रंगपेटी आली. ती आमची नव्हे. कचेरींत शेजारच्या मेजावर बसणारे एक गृहस्थ होते. जेवणाच्या सुटींत रद्द झालेल्या कागदांच्या पाठीवर ते खाडींतले मचवे काढीत, आणि इतके चांगले काढीत कीं साहेब येतांच आम्ही तो कागद लपवून ठेवीत असूं. त्यांनीं बारा वड्यांची एक चांगली पेटी विकत घेतली आणि मेजाच्या खणांत ठेविली. "निवृत्त झालों कीं उघडीन," असें ते म्हणत. निवृत्त झाले, मग घराची डागडुजी निघाली, मग धाकटीचें लग्न आलें, मग आजार आला. त्यांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर त्यांच्या पत्नीनें ती पेटी आम्हांस आणून दिली. वड्यांवरचा कागदसुद्धां निघालेला नव्हता. आंत रंग वाळून त्यांस भेगा पडल्या होत्या. परंतु जलरंग हा डिंकांत घोटलेला असतो, आणि त्याची वडी कितीही वर्षें वाळो, पाण्याचा थेंब पडतांच ती पुन्हां विरघळूं लागते. तेलरंगांचें तसें नाहीं. नळींत एकदां सुकले कीं संपले.

पेटी मिळाली, कागद आणिला, कुंचले आणिले. आणि दोन दिवस आम्ही त्या कोऱ्या कागदासमोर नुसते बसून राहिलों. साठ वर्षांच्या माणसाला नवशिका होण्याची फार लाज वाटते. याच भीतीचें मोठें गमतीदार वर्णन विन्स्टन चर्चिल यांनीं केलें आहे. त्यांच्या राजकारणाविषयीं प्रेम वाटण्याचें आम्हां भारतीयांस कारण नाहीं. परंतु कुंचल्याच्या बाबतींत ते आमचे गुरुबंधु आहेत. १९१५ सालीं नौदलाचें मंत्रिपद हातचें गेलें, तेव्हां मनाची तळमळ शांत करण्यासाठीं त्यांनीं वयाच्या ४०व्या वर्षीं प्रथम रंग घेतले. निळ्या रंगाचा एक बारीकसा ठिपका त्यांनीं भीत भीत कॅनव्हासवर ठेविला आणि पुढें हात चालेना. इतक्यांत जॉन लॅव्हरी या चित्रकाराची पत्नी मोटारींतून उतरली. तिनें मोठा कुंचला मागून घेतला आणि त्या भेदरलेल्या कॅनव्हासवर निळ्या रंगाचे सपासप फटकारे ओढले. त्यानंतर चर्चिल यांची भीति गेली ती कायमची. मरेपर्यंत त्यांनीं शेंकडों चित्रें काढलीं.

आमच्या घरीं कोणी मोटारींतून आलें नाहीं. चार वर्षांची नात रांगोळीसाठीं जागा शोधीत आली, तिनें कुंचला हिरव्या वडींत बुडविला आणि कागदाच्या खालच्या अंगाला एक जाड रेघ ओढून म्हणाली, "आजोबा, हें गवत. आतां तुम्ही घर काढा." आम्हीं घर काढलें. तें आपल्या या चर्चचें दर्शन व्हावें अशी इच्छा होती. झालें मात्र धान्याचें गोदाम.

परंतु त्या गोदामानें आम्हांस एक गोष्ट शिकविली. बाप्तिस्म्यापासून आम्ही या चर्चच्या दारावरून जात आहों. दर्शनी भिंतीला खिडक्या किती, असें कोणीं विचारलें असतें तर "तीन" असें छातीठोकपणें सांगितलें असतें. आहेत पांच. वरच्या दोन लहान आहेत आणि दुपारीं तीनच्या सुमारास त्यांवर घंटाघराची सावली पडते. हें पाहण्यासाठीं आम्हांस समोरच्या ओट्यावर आठ दिवस बसावें लागलें. छंदाचें फळ चित्रांत शोधूं नये, असें आमचें मत झालें आहे. चित्र वाईट निघालें तरी तें काढतांना जें पाहिलें तें आपलेंच राहतें.

कोणास आरंभ करावयाचा असेल तर थोड्या अनुभवाच्या गोष्टी सांगतों. जलरंगांत पांढरा रंग म्हणजे कोरा ठेविलेला कागद. जेथें उजेड हवा तेथें कुंचलाच लावूं नये. फिका रंग आधीं, गडद मागाहून. हिशेबाच्या वहींत आम्ही एकही रकाना रिकामा ठेवीत नसूं, म्हणून हें साधावयास आम्हांस वर्ष लागलें. कागद जाड घ्यावा. पातळ कागद पाण्यानें पापडासारखा फुगतो. पावसाळ्यांत आपल्या किनाऱ्यावर रंग तासन् तास ओला राहतो, एकांत एक मिसळतो आणि कागदाला बुरशी धरते. त्या दिवसांत नुसत्या पेन्सिलीनें रेखाटन करावें. हात कांपत असेल तर मनगटाखालीं उशी घ्यावी आणि कुंचला जाड घ्यावा. कुंचल्याला टोंक आणण्यासाठीं तो तोंडांत घालूं नये. कांहीं रंगांत विषारी धातु असतात.

डोळ्यांविषयीं एक वेगळी सूचना. एके वर्षीं आमच्या चित्रांतलें आभाळ पिवळट होऊं लागलें. आम्हांस तें निळेंच दिसत होतें. घरचे मात्र एकमेकांकडे पाहूं लागले. वैद्यांनीं मोतीबिंदू सांगितला. पुढें वाचनांत आलें, कीं क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला १९१२ सालीं मोतीबिंदू असल्याचें कळलें आणि त्याच्या तळ्यांतल्या कमळांवर तांबूस-पिवळी छटा चढूं लागली. शस्त्रक्रियेच्या भयानें त्यानें ती १९२३ पर्यंत लांबविली, आणि ती झाल्यावर त्याला सर्व कांहीं नको तितकें निळें दिसूं लागलें! तरीही त्यानें कमळांचीं तीं भव्य चित्रें पुरीं करण्याचा उद्योग १९२६ सालीं देह ठेवीपर्यंत चालविला. आपली शस्त्रक्रिया आजकाल अर्ध्या तासांत होते. ज्यांचें आभाळ पिवळें झालें असेल त्यांनीं अकरा वर्षें थांबूं नये.

छंद चित्राचाच असावा असा आमचा हट्ट नाहीं. कोणी क्लॅरिनेट पुन्हां बाहेर काढावा, कोणी लाकूड तासावें, कोणी आपल्या आईच्या तोंडचीं लग्नांतलीं गाणीं वहींत उतरून ठेवावीं. तीं आतां फार थोड्यांस येतात. मात्र छंदाची कचेरी करूं नये. आम्हीं एकदां स्पर्धेंत चित्र पाठविलें आणि तीन आठवडे निकालाच्या काळजींत घालविले. त्या तीन आठवड्यांत एकही रेघ ओढली नाहीं. नातेवाइकांच्या स्तुतीवरही विश्वास ठेवूं नये. ते आपल्या वयाला भिऊन बोलतात.

आतां जें सांगावयाचें तें थोडें अवघड आहे. निवृत्ति निवृत्ति म्हणून आम्ही बोलत आहों, परंतु ती पगारी पुरुषांची. शेतकऱ्याला ती नसते, आणि घरांतल्या स्त्रीला तर नसतेच. आमची पत्नी ४० वर्षें वेदीवरचीं वस्त्रें भरीत असे. स्वयंपाकपाणी उरकल्यावर, रात्रीं, दिव्याखालीं. "बाजारांत तयार मिळतात, डोळे कशाला फोडून घेतेस?" असें आम्हीं तिला एकदां नव्हे, अनेकदां विचारलें. तिनें कधीं उत्तर दिलें नाहीं. पुढें संधिवातानें तिचीं बोटें आंखडलीं, सुई हातांतून गळूं लागली, आणि एके दिवशीं तिनें दोऱ्यांची टोपली कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिली. तिला कोणीं हार घातला नाहीं, नारळ दिला नाहीं. तिच्या निवृत्तीचा दिवस कोणता, हेंही घरांत कोणास ठाऊक नाहीं. आम्हांसही नाहीं. आम्हांस तें कळलें तेव्हां आम्ही स्वतः रंगांत गुंतलों होतों, आणि टोपलीवर धूळ सांचली होती.

आम्हीं तिला अमेरिकेंतल्या ॲना मेरी मोझेस या म्हातारीची हकीकत सांगितली. ही शेतकऱ्याची बायको लोंकरीनें चित्रें विणीत असे. संधिवातानें सुई धरवेना, म्हणून पंचाहत्तरी उलटल्यावर तिनें कुंचला घेतला. जत्रेंतल्या प्रदर्शनांत तिच्या मुरंब्याला बक्षीस मिळालें, चित्रांना मिळालें नाहीं! पुढें १९३८ सालीं एका औषधांच्या दुकानांत मांडलेलीं तिचीं चित्रें एका संग्राहकाच्या दृष्टीस पडलीं आणि १९४० सालीं न्यूयॉर्कमध्यें तिचें प्रदर्शन भरलें. ती १०१ वर्षें जगली. आम्हांस वाटलें, पत्नी प्रसन्न होईल. ती म्हणाली, "तिनें खुशाल चित्रें काढावीं. मला टांकाच हवा."

तेव्हां उपाय टांक्यांतच शोधणें भाग पडलें. वाट दाखविली ती आन्री मातीस या चित्रकारानें. १९४१ सालीं पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो बहुतेक अंथरुणास किंवा चाकांच्या खुर्चीस खिळला, तेव्हां त्यानें कात्री घेतली आणि रंगविलेल्या कागदांचे मोठमोठे आकार कापूं लागला. त्याची शुश्रूषा केलेली एक तरुणी पुढें दोमिनिकन धर्मभगिनी झाली. तिच्या ओळखींतून व्हान्स या गांवीं तिच्या संस्थेचें प्रार्थनामंदिर त्यानें उभें केलें. बांबूच्या लांब काठीला कोळसा बांधून तो भिंतीवरचीं चित्रें रेखाटी. खिडक्यांच्या कांचा निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या. धर्मगुरूंचीं मिस्सेचीं वस्त्रेंही त्याच्याच कल्पनेचीं. १९५१ सालीं मंदिराचें पवित्रीकरण झालें तेव्हां आजारामुळें त्याला जातां आलें नाहीं.

आम्हीं तीच कात्री घरीं आणिली. पूर्वीं पत्नी कागदावर टाचणीनें भोंकें पाडून निळीचा बोळा फिरवी आणि कापडावर बारीक नक्षी उठवी. ती आतां जमण्यासारखी नव्हती. आम्हीं कागदाचीं मोठीं पानें कापलीं, तिनें तीं कापडावर हवीं तशीं मांडलीं, आम्हीं कडेनें पेन्सिल फिरविली. कापड जाड घेतलें, दोरा जाड, सुईचें नाकें मोठें, टांका साखळीचा. रोज सकाळीं दहा सुयांत दोरा ओंवून ठेवण्याचें काम सुनेनें आपण होऊन पत्करलें. आतां आम्ही स्वयंपाकघराच्या दारांत जातों ते त्या सुया आणावयास.

महोत्सवासाठीं वेदीचें वस्त्र करावयाचें ठरलें. मध्यें द्राक्षें आणि गहूं, कडेला चाफ्याचीं पानें. गव्हाच्या ओंब्या आम्हीं मोठ्या हौसेनें काढल्या. तिनें चष्मा पुसून पाहिलें आणि ती कितीतरी दिवसांनीं मोकळेपणीं हंसली. "अहो, ही तर भाताची लोंबी काढलीत! गव्हाची ओंबी अशी मान खालीं घालीत नाहीं. ती ताठ असते, तिला कुसळें असतात." जन्मभर गव्हाची चपाती खाल्ली, परंतु शेतांत पाहिलें तें भातच. वाण्याकडच्या पिशवीवर छापलेली ओंबी समोर ठेवून आम्हीं पुन्हां काढल्या. तोंवर पहिली एक मात्र भरून झाली होती. ती उसवूं का, असें विचारतां तिनें नको म्हटलें.

तेंच वस्त्र आज मिस्सेच्या वेळीं आपण वेदीवर पाहिलें. डाव्या कोपऱ्यांत एक ओंबी वांकलेली आहे, ती आमची. बाकीचें सर्व काम तिचें आहे, आणि ती येथें तिसऱ्या रांगेंत बसली आहे, म्हणून याहून अधिक बोलण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.