ओळख विचारायची कधी?

क्रिप्टोवर जुगार खेळवणाऱ्या साइट्सचं आमिष ठरलेलं असतं: नाव नको, कागदपत्रं नकोत, वॉलेट जोडा आणि खेळा. लॉजपासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत सगळीकडे आधारची झेरॉक्स देऊन वैतागलेल्या माणसाला हे आवडणारच, आणि त्या वैतागाला मी नावं ठेवणार नाही. त्याला कारणही आहे: मे 2025 मध्ये अमेरिकेतल्या कॉइनबेस या क्रिप्टो एक्स्चेंजने जाहीर केलं, की परदेशातल्या ग्राहकसेवेतल्या काहींना लाच देऊन चोरांनी ग्राहकांची नावं, पत्ते, ओळखपत्रांच्या प्रतिमा मिळवल्या आणि दोन कोटी डॉलरची खंडणी मागितली. क्रिप्टो बाळगणाऱ्याच्या घरचा पत्ता चोराला कळणं किती भयंकर, हे मी वेगळं सांगायला नको.

पण 'ओळख नको' हे वचन टिकतं कुठवर? पैसे भरेपर्यंत. मोठी रक्कम काढायला गेलात, की नियमावलीतलं एखादं कलम पुढे येतं: पासपोर्ट पाठवा, सेल्फी पाठवा, उत्पन्नाचा पुरावा द्या. तुमच्या देशातून खेळायला मनाई असेल, तर पासपोर्ट दाखवताच खातं बंद होऊ शकतं. काही साइट्स प्रत्येक डावाचा कूटसंकेत आधीच देतात, म्हणजे डाव फिरवला नाही हे नंतर पडताळता येतं. हे तंत्र खरं आहे, चांगलंही आहे. मात्र जिंकलेली रक्कम हातात पडेल याची हमी त्यात नाही.

ब्रिटनच्या जुगार आयोगाने नेमकं इथे बोट ठेवलं. 7 मे 2019 पासून तिथे ऑनलाइन ग्राहकाचं नाव, पत्ता, जन्मतारीख खेळण्याआधी पडताळावी लागते. आणि जी माहिती आधी मागता आली असती, ती न दिल्याच्या सबबीवर पैसे अडवता येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे: विचारायचं ते दारात विचारा, थोडं विचारा, आणि ते सांभाळा.

पण नियम कोणते लागू होतात, हे परवाना कुठला यावर ठरतं, आणि अनेक क्रिप्टो कॅसिनोंचा परवाना कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाचा. तिथे वर्षानुवर्षं चार मूळ परवानाधारक पोटपरवाने वाटत होते. डिसेंबर 2024 मध्ये नवा कायदा आला आणि परवाना थेट सरकारी प्राधिकरणाकडून घेणं भाग पडलं.

ओळखीची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याबद्दल मला फार कळकळ वाटते. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप नावाची नोंदणी आहे. हात आवरत नाही असं जाणवलेला माणूस तिथे स्वतःचं नाव देतो, आणि ब्रिटनचा परवाना असलेल्या ऑनलाइन कंपन्यांना त्याला खेळू देता येत नाही. रात्री दोनला पुन्हा मोह झाला, तरी सकाळी शुद्धीत घेतलेला निर्णय टिकतो. नाव न विचारणाऱ्या साइटवर हे जमायचं कसं? एक खातं बंद केलं, तर नव्या वॉलेटने मिनिटभरात दुसरं उघडतं.

आपल्याकडे मार्च 2023 पासून क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात पणाला लावलेली आभासी टोकनंही येतात. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून घरात कोणी फसलं असेल, तर अब्रूच्या भीतीने गप्प बसू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट पुसू नका.