मोबदल्याची वाटणी



पवनी तालुक्यातले कोंढा गाव आणि आपला सारा भंडारा जिल्हा धानाचा मुलूख. दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडार होते, नाटक होते; पण मंडईची खरी शोभा पाहुण्यांची. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे भेटतात, नव्या सोयरिकींची बोलणी निघतात. ज्या घरी मंडईला पाहुणा नाही, त्या घरात माडी असो की मोटार असो, घर सुनेच वाटते.

याच तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झाले. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्याची पायाभरणी केली. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. मोबदल्यासाठी लोक वर्षानुवर्षे झगडले. २०१३ साली शासनाने सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर केले. हा पैसा हक्काचा. तो मागण्यात लोभ कसला? लोभाची परीक्षा पुढेच असते, पैसा घरात आल्यावर.

असे का होते, पाहा. शेत होते तेव्हा भावाला भाऊ लागत असे. रोवण्याला माणसे लागत, बांधीचे पाणी एकमेकांना विचारून सोडावे लागे. भांडण झाले तरी धुऱ्यावर गाठ पडायचीच. शेताचा पैसा झाला, की ज्याचे त्याचे पासबुक वेगळे. मग कुणाला कुणाची गरज उरत नाही, असे वाटू लागते. वाटते हो, नुसते वाटते!

एक हिशेब करू. समजा, वडील वारले आहेत. घरात आई, दोन भाऊ आणि सासरी गेलेली एक बहीण. वडिलोपार्जित जमिनीचे चोवीस लाख आले. चौघांचा वाटा सहा-सहा लाख. आता बहिणीला वगळले, तर तिघांच्या वाट्याला आठ-आठ लाख येतील. म्हणजे एका भावाला जास्तीचे मिळाले किती? दोन लाख. आणि गेले काय? भाऊबीज गेली, भाच्यांचे आजोळ गेले, अडल्यानडल्या वेळी धावून येणारे माणूस गेले. सांगा बरे, हा सौदा नफ्याचा की तोट्याचा?

आणि बहिणीचा वाटा ही काही भावाची मेहेरबानी नव्हे. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. त्या वेळी वडील हयात नसले तरी हा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला, तर तो तिचा मोठेपणा. पण रक्कम तिला सांगायची नाही आणि ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवायचे, याला राजीखुशी म्हणत नाहीत.

म्हाताऱ्या आईबापांनाही एक सांगणे आहे. जमीन, घर मुलांच्या नावे करून देताना 'आमचा सांभाळ करावा' ही अट कागदात लिहून घ्या. सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, आणि दिलेली मिळकत परतही मिळू शकते. पोटच्या पोराशी अट कशाला, असे वाटेल. पण प्रेमळ मुलाला अट जड होत नाही. ती जड होते लोभी मुलालाच.

गुरुजनहो, आपण वर्गात नफा-तोटा शिकवता. एक दिवस ही चोवीस लाखांची वाटणी फळ्यावर मांडा. चार वाटे मुले चटकन करतील. मग विचारा, "बहिणीला वगळले, तर घराचा तोटा किती?" उत्तर आकड्यात यायचे नाही. पण पोर घरी जाऊन तोच प्रश्न बापाला विचारील, आणि तेवढे पुरे आहे.

तेव्हा मंडळी, पैसा हाती येण्याआधीच घरातली सारी माणसे एकत्र बसवा, बहिणीलाही बोलावा. खरी रक्कम सर्वांसमोर सांगा. वाटे जरूर करा. वाटे केल्याने घर तुटत नाही. लपवल्याने तुटते.