केंद्रीय आरोग्यमंत्री आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



सभागृहात येताना एका पालकांनी मला गाठले. म्हणाले, "साहेब, आमच्या दवाखान्यात कित्येक महिने डॉक्टर नाही. दिल्लीच्या आरोग्यमंत्र्यांना एक पत्र लिहून द्या." आजचा विषय त्यांनीच मला दिला.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यांकडे आहेत. महाराष्ट्रात गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा कारभार जिल्हा परिषद पाहते. मग केंद्रीय मंत्र्यांचे काम काय? राज्याराज्यांत पसरणारे रोग रोखणे, वैद्यकीय शिक्षण व औषधे यांच्या दर्जाचे कायदे करणे, राज्यांना पैसा आणि दिशा देणे.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी १९४७ ते १९५७ हे पद सांभाळले. गावोगावचे दवाखाने त्यांच्या हाती नव्हते. मात्र १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५६ च्या कायद्याने दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्वायत्त झाली. शिमल्याचे आपले राहते घरही त्यांनी या संस्थेला दिले. मंत्री येतात आणि जातात. कायद्याने उभी केलेली संस्था मागे राहते.

तरीही मंत्र्यांचा हात घराच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचतो. पोलिओची लस सरकारने पुरवली. पण उत्तर प्रदेशातील काही मुस्लिम मोहल्ल्यांत अफवांमुळे दारे बंद झाली. ती उघडली मशिदींतील इमामांनी, अलीगढ व जामियाच्या लोकांनी आणि घरोघर फिरणाऱ्या भगिनींनी. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण आढळला नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

म्हणून पालकहो, कोणाचे काम कोणते हे जाणणे हेही शिक्षणच आहे. दाद कोठे मागायची हे ज्याला कळत नाही, त्याचा अर्ज टेबलाटेबलांवर फिरतो आणि आजारी मूल तसेच राहते.

त्या पालकांना मी पत्र लिहून दिले नाही. त्यांची मुलगी आपल्याच शाळेत दहावीत आहे. पत्र तिने लिहावे, जिल्हा परिषदेच्या नावे लिहावे आणि पोच घेऊन यावे. दिल्लीला पत्र कधी लिहायचे, हे तिला पुढे आपोआप कळेल.